दुसरीची पात

लवकर येणारा हलका धान कापायला आला की मला ते आधी मनगटात कळतं, नाकात नंतर. साकोलीच्या आमच्या ऑफिसमागे आता धानाच्या शेताची एकच बांधी उरली आहे, बाकी सगळीकडे प्लॉट पडले. त्या बांधीत कापून ओळीनं पसरलेल्या धानाचा वास खिडकीतून आत येतो, तेव्हा नवीन लागलेली पोरं माना वर करून म्हणतात, "वा, काय वास आहे." माझ्या उजव्या हाताच्या अंगठ्यापासून मधल्या बोटापर्यंत त्याआधीच मुंग्या सुरू झालेल्या असतात. यंदाही झाल्या. सकाळी वेणी घालताना कंगवा हातातून गळून पडला आणि मी आरशातल्या बाईला म्हटलं, आला गं बाई हंगाम.

लोकांसाठी हे दिवस किती चांगले. बसस्टँडसमोर उकडलेल्या शिंगाड्यांच्या टोपल्या लागतात, त्यांची वाफ हायवेच्या धुळीतही ओळखू येते. दिवाळी झाली की गावोगावी मंडईची जत्रा भरते, लेकी माहेरी येतात, लोकनाट्याची दंडार रंगते. नागझिऱ्याकडून पहाटेची थंडी यायला लागते. आमच्या ऑफिसात मात्र या दिवसांचं नाव एकच, नोंदणी. सरकारी भावानं धान विकायचा तर शेतकऱ्याचं नाव, सातबारा, आधार, पासबुक, सगळं आधी ऑनलाइन चढवावं लागतं, आणि चढवणारे आम्ही. सकाळी दार उघडायच्या आधी रांग लागलेली असते. सर्व्हर बसतो, उठतो, पुन्हा बसतो. रांगेतला माणूस आमच्यावर चिडतो, साहेब वरून आमच्यावर चिडतात, आणि आम्हाला चिडायला समोर फक्त कॉम्प्युटरचा पडदा असतो. मुदत वाढली की शेतकरी सुस्कारा टाकतो आणि आम्ही मान चोळतो.

त्या दिवसांत ऑफिसला धानापेक्षा मलमाचाच वास जास्त. बडे बाबू कमरेचा पट्टा शर्टावरून बांधतात, पदक मिळाल्यासारखा मिरवतात. कोणाची मान, कोणाचा मणका, कोणाच्या डोळ्यांची आग, कोणाला जेवण म्हटलं की आंबट पाणी. डब्याच्या सुट्टीत भाजीच्या आधी गोळ्या निघतात आणि "तुह्यावाली कोणती?" म्हणून एकमेकांच्या पाकिटांची चौकशी होते. सगळे हसतात. हसल्याशिवाय करायचं काय? पाठीवर मारा पण पोटावर मारू नका म्हणतात. ऑफिसनं ते अक्षरशः पाळलं आहे. पोटाला महिन्याच्या महिन्याला मिळतं, पाठीचं पाठीनं बघायचं.

माझं माहेर करडी. आई दुसऱ्यांच्या बांधीत रोवणीला, म्हणजे धानाच्या लावणीला जायची. मोठी झाल्यावर सुट्टीच्या दिवशी मीही जायची. पोटरीपर्यंत चिखल, पाठीवर पाऊस, हातात पऱ्ह्यांची, धानाच्या रोपांची जुडी, आणि बायांची एक रांग वाकलेली, मागं मागं सरकणारी. प्रत्येकीच्या वाट्याला बांधीचा एक पट्टा. तिला पात म्हणायचं. आपली पात आपण न्यायची. पण एखादीच्या कमरेत उसण भरायची, एखादी पोटुशी असायची, एखादीला घरून निघतानाच ताप असायचा. ती मागं पडायला लागली की शेजारची बाई काही न बोलता हात थोडा लांब करायची आणि तिच्या पातीतल्या दोन ओळी आपल्याकडे ओढून घ्यायची. मागं पडलेली पुन्हा रांगेला लागायची. मालक धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, छत्री घेऊन उभा असायचा, त्याला फक्त सरळ रांग दिसायची.

याला एक रीत होती. जिनं दुसरीची पात ओढली तिनं ते कधी बोलून दाखवायचं नाही. बोलली तर केलेलं मातीत गेलं. सांगायचं ते जिची पात ओढली तिनं. दुपारी धुऱ्यावर शिदोऱ्या सुटल्या की ती सगळ्यांसमोर म्हणायची, "आज माही पात इनं नेली वो." एवढंच. मग कोणीतरी त्या दुसरीच्या भाकरीवर आपल्यातली चटणी ठेवायचं, आणि हिशोब मिटला. आईनं मला पऱ्हे रोवायला शिकवलं त्याच दिवशी हेही शिकवलं. म्हणाली, "पात नेली तं तोंड बंद ठेवजो. अन् आपली कोनी नेली तं तोंड उघडजो. इसरजो नोको."

नोकरी लागली तेव्हा बाबा करडीहून साकोलीला आले. ऑफिस बघायला नव्हे, खुर्ची बघायला. धुवून नीळ घातलेला सदरा, खिशात पेन. त्यांनी खुर्चीभोवती एक फेरी मारली आणि तिच्या पाठीवरून तळहात फिरवला, बैल विकत घेण्याआधी फिरवतात तसा. मी म्हटलं, बसा ना बाबा. ते कडेला बसले आणि लगेच उठले. "इले पाठ आहे," म्हणाले. "तुह्या मायची सारी जिंदगी वाकण्यात गेली. तुले आता टेकायले जागा झाली." त्या दिवशी घरी परतल्यावर त्यांनी भिंतीवरच्या निळ्या कोटाच्या तसबिरीला नवा हार घातला, हे आईनं मला नंतर सांगितलं. मी पहिल्या पगारात त्यांना चप्पल घेतली, पण त्यांचा आनंद चपलेत नव्हताच. तो त्या खुर्चीच्या पाठीत होता.

आणि त्या पाठीला मी फार क्वचित टेकले. टेकलं तर कीबोर्ड लांब जातो. पडदा एवढा खाली की त्याच्याखाली जुन्या फायलींचे गठ्ठे सारले तरी मान खालीच. वाकायचंच होतं तर चिखल काय वाईट होता, असं एकदा चिडून मनात आलं आणि माझी मलाच शरम वाटली. तरी सांगते, फसवणूक झाली. कोणी मुद्दाम केली नाही, पण झाली. शिकलीस तर कंबर वाचेल असं सगळ्या घरादारानं मला शपथेवर सांगितलं होतं आणि मी तेवढ्यासाठी शिकले होते. मनगटाचं दुखणं प्रथम आईला सांगितलं तेव्हा ती हसत सुटली. "खुर्चीवर बसून हात दुखते? मंग आमी का लोखंडाचे होतो काय वो?" हसता हसता तिनं मोहाच्या बियांचं तेल कोमट केलं आणि माझा हात मांडीवर घेतला. बाबांना मात्र आम्ही दोघींनी काही कळू दिलं नाही. खुर्ची दुखते, हे त्यांना कोणत्या तोंडानं सांगणार होतो?

तेव्हा सुलभा माझ्या शेजारी बसायची. अड्याळची, घरची शेती, पण रोवणी तिलाही येत होती, लहानपणी हौसेनं घरच्याच बांधीत केलेली. आमच्या टेबलांमध्ये एका वितीचं अंतर. पहिल्याच डब्याला आम्हाला कळलं की दोघींनाही पातीची रीत ठाऊक आहे, आणि त्या एवढ्याशा गोष्टीवर आमची मैत्री लागली. माझी बोटं बधिर झाली की ती टेबलाखाली माझा हात ओढून घ्यायची आणि एकेक बोट दाबून जागं करायची. समोरच्या शेतकऱ्याला वाटायचं, मॅडम कागद शोधत आहेत.

मी सांगते आहे तो हंगाम अवकाळीनं भिजलेला होता. धान ओला, लोक घाईला आलेले, नोंदणीची मुदत तोंडावर. सुरुवातीलाच सुलभाची मान धरली. वळायची तर खांद्यासकट वळायची. डॉक्टरनं मणक्यात दाब आहे म्हणून सांगितलं, पट्टा दिला, पण साहेब म्हणाले पट्टा लावून बसलेलं लोकांना बरं दिसत नाही. मग मी हात लांब केला. माझं काम आटपलं की तिच्या मशीनवर बसायचं आणि तिच्या नावानं नोंदी चढवायच्या. एकमेकींचे पासवर्ड आम्हाला पाठच होते, तिचा मुलीच्या नावाचा, माझा करडीच्या तलावाचा. दुसऱ्याच्या लॉगिनवर काम करू नये असा नियम होता, भिंतीवर तसा कागदही चिकटवलेला होता. आम्ही त्या कागदाकडे मालकाच्या छत्रीकडे बघावं तसं बघत होतो. पुढे पुढे तर मी आधी तिचं करायची आणि मग माझं, कारण तिच्या चेहऱ्याकडे बघवायचं नाही. माझं मागं पडायला लागलं. म्हटलं, पडू दे. उद्या माझा हात बसला तर ही आहेच.

आणि हात बसलाच. एक दिवस एका म्हाताऱ्या बाईचा आधारकार्डाचा कागद माझ्या हातून खाली पडला, उचलला, पुन्हा पडला. बाई म्हणाली, "राहू दे माय, मी धरतो." त्या संध्याकाळी भंडाऱ्याच्या डॉक्टरनं मनगट वाकवून बघितलं आणि सांगितलं, नस दबली आहे, टायपिंग थांबवा, नाहीतर बोटांची जाणीव जाईल, मग परत येईलच याची खात्री नाही. त्यांच्या तोंडी ते किती सोपं वाटलं. टायपिंग थांबवा. जसं काही मी हौसेनं बाजाची पेटी वाजवत होते.

ऑफिसात आवक-जावकचं टेबल रिकामं झालं होतं, तिथले बाबू नुकतेच निवृत्त झालेले. त्या टेबलावर पडदा नाही, नुसते कागद घ्यायचे आणि शिक्के मारायचे. मी आणि सुलभानं ठरवलं, दोघींनी मिळून साहेबांकडे जायचं. एक महिना तिनं त्या टेबलावर बसायचं, एक महिना मी. तिची मान वाचेल, माझा हात वाचेल, काम कुठं अडणार नाही. शिंगाडे सोलता सोलता ठरवलं होतं आम्ही हे. सुलभाच म्हणाली होती, "दोघीजनी गेलो तं ना नाई म्हणनार साहेब. एकटीले नाटक म्हनते, दोघीचं नाटक कसं म्हनन?"

साहेब सभ्य माणूस. त्यांनी बसायला सांगितलं. मी बोलले, आधी हाताचं, मग मानेचं, मग टेबलाचं. ते मध्येच म्हणाले, "मॅडम, दुखणं कोणाला नाही? मला बीपी आहे, मी सांगत फिरतो का?" आणि त्यांनी पडदा आमच्याकडे वळवला. त्यावर सगळ्यांची नावं आणि पुढे ज्याच्या त्याच्या नोंदींचा आकडा होता. सुलभाचं नाव सगळ्यांत वर. माझं पार खाली. "या सुलभा मॅडम बघा. यांना एवढा त्रास असता तर हे झालं असतं? त्या काम करतात. तुमचाच हात कसा दुखतो?"

मी सुलभाकडे बघितलं. त्या खोलीत पंखा फिरत होता, बाहेर रांगेत कोणाचं तरी लेकरू रडत होतं, आणि माझ्या मनात अजिबात धाकधूक नव्हती, हे आठवलं की अजून अंगाला कसंतरी होतं. मला वाटलं, आता ती बोलेल. बोलायचं तिनंच होतं. माझं तोंड बंद असायला हवं आणि तिचं उघडं, इतकं ते सोपं होतं. तिनं समोरच्या कॅलेंडरवरच्या धबधब्याच्या चित्राकडे बघितलं. पदर नीट केला. आणि मान अजिबात न वळवता म्हणाली, "नाही साहेब, मला तसा काही त्रास नाही. वंदना म्हणाली म्हणून सोबत आले." अगदी शुद्ध भाषेत म्हणाली. आमच्या दोघींची बोली तिनं चपलेसारखी दाराबाहेर काढून ठेवली होती.

मी तेव्हाच का बोलले नाही, असं मला घरी सगळ्यांनी विचारलं. नवऱ्यानं विचारलं, बहिणीनं विचारलं. कसं बोलणार? लॉगिनचं सांगितलं असतं तर दोघींना नोटीस होती, हे एक. पण खरं कारण ते नव्हतं. मी केलं, मी केलं, असं मालकासमोर ओरडणारी बाई करडीच्या बांधीत मी कधी पाहिलीच नव्हती. माझ्या तोंडाला ती सवयच नव्हती. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात, त्यात तोंड दाबणारा हात आपलाच असू शकतो, हे मला त्या खोलीत कळलं.

पुढे काय व्हायचं ते झालं. कामाचा उरक बघून साहेबांनी सुलभाला इतरांच्या नोंदी तपासायचं काम दिलं. टेबल वेगळं, खुर्ची उंच पाठीची, डोकं टेकायला उशी असलेली. कीबोर्डला हात लावायची गरज नाही. आवक-जावकच्या टेबलावर कोणीच बसलं नाही. त्यावर पाण्याचा कॅन ठेवतात, अजूनही. आणि मी मनगटाला पट्टा बांधून, तो साडीच्या पदराखाली झाकून, नोंदी चढवत राहिले. मागं पडलेलं माझं काम भरून काढायला त्या हंगामात कोणी हात लांब केला नाही. कसा करणार? मी कामचुकार आहे हे तोवर सगळ्यांना ठाऊक झालं होतं.

एकदा बसस्टँडवर ती माझ्याजवळ आली. मी तोंड फिरवलं नाही, तेवढं मला जमत नाही. ती म्हणाली, "तू समजून घे वंदना. माही मान पुढच्या हंगामापर्यंत टिकली नसती. डॉक्टरनं ऑपरेशन सांगून ठेवलं होतं."

"अन् माहा हात?" मी विचारलं.

तिनं खांद्यावरची पिशवी सावरली. मग म्हणाली, "तुह्या हाताले सवय आहे ना वो. तू मजुरीले जात होती."

मजुरीची गोष्ट मी तिला डबा खाताना सांगितली होती. आईची, बांधीची, धुऱ्यावरच्या चटणीची. माझ्याजवळ होतं तेवढं चांगलं तिच्या पुढ्यात ठेवलं होतं, आणि तिनं त्यातून हे उचललं. खोलीतलं तिचं खोटं मी आज ना उद्या पोटात घातलं असतं. माणूस घाबरतो. पण हे वाक्य मी कितीही गिळलं तरी खाली उतरत नाही. माझ्या आईची पाठ मोडलेली होती, तिला वाकायची सवय नव्हती. सवय कोणालाच नसते. ज्याला पर्याय नसतो त्याच्या दुखण्याला बाकीचे लोक सवय म्हणतात.

आईला मी एवढंच सांगितलं की सुलभाची पात नेली होती, ती बोलली नाही. आई तांदूळ निवडत होती. तिचा हात थांबला. बाकी कशावर हसणारी बाई, त्यावर हसली नाही. विचारलं, "जेवाच्या वखतीही नाई बोलली?" मी म्हटलं, नाही. आईनं पुन्हा तांदूळ निवडायला घेतले आणि एक खडा बाजूला टाकून म्हणाली, "अशी बाई आमच्या रांगीत नव्हती वो."

त्यानंतर किती हंगाम आले नि गेले. मनगटावर एक छोटी शस्त्रक्रिया झाली, थोडं बरं वाटलं, पण डॉक्टर म्हणाले ते खरं ठरलं, आधी यायला हवं होतं. अंगठा चालतो. त्याच्या शेजारची दोन बोटं आहेत म्हणून आहेत, मुंग्या येतात पण स्पर्श कळत नाही. भाजी चिरताना बघून चिरावं लागतं, कारण कापलं तरी रक्त दिसेपर्यंत पत्ता लागत नाही. नव्या तांदळाचा भात कालवताना तो किती ऊन आहे हे मला डाव्या हातानं तपासावं लागतं, आणि नव्या भाताचं सगळं सुख तर बोटांनाच आधी कळतं. बाबा आता थकले. अजून पाहुण्यांना सांगतात, माझी पोरगी खुर्चीवर बसते.

यंदाच्या हंगामात, याच आठवड्यात, सुलभाची बढती होऊन भंडाऱ्याला बदली झाली. निरोपाचा कार्यक्रम डब्याच्या सुट्टीत झाला. खुर्च्या गोल मांडल्या, समोसे आणि गुलाबजाम आले, बडे बाबूंनी पट्टा सावरत भाषण केलं. साहेब आता नवे आहेत, त्यांनी जुन्या साहेबांकडून ऐकलेलं सांगितलं, की मॅडमच्या कामाच्या उरकाचा विक्रम अजून या ऑफिसात कोणी मोडलेला नाही. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. सुलभा बोलायला उठली, दोन वाक्यं बोलली, सगळ्यांचे आभार मानले. माझ्याकडे नजर आली आणि पुढे गेली. मी वाट बघत होते का? हो, होते. जेवणाची वेळ होती, सगळी माणसं गोल बसलेली होती, आणि मी मूर्खासारखी अजून वाट बघत होते.

फोटो झाले, पांगापांग झाली. मी माझ्या जागेवर येऊन मशीन चालू केलं. ती मागून आली. तिची जुनी खुर्ची ओढून, त्या वितीच्या अंतरावर बसली. आजूबाजूला कोणी नव्हतं. खिडकीतून मागच्या बांधीतला वास येत होता. तिनं टेबलाखाली हात घालून माझा उजवा हात आपल्याकडे ओढला, पूर्वीसारखाच, आणि खाली मान घालून, मला जेमतेम ऐकू येईल एवढ्यानं म्हणाली, "माही पात तूच नेली होती वो."

तिचे डोळे भरले होते. मान तिची आता छान वळते. तिनं माझी दोन बोटं आपल्या दोन्ही हातांत घेतली होती आणि एकेक करून दाबत होती, जोरानं, तिची नखं पांढरी पडेपर्यंत. हे मी डोळ्यांनी बघितलं म्हणून सांगते. बोटांना काही कळलं नाही.